चाबीच्या गोष्टीचे दोन शेवट

आमच्या घरात देव्हारा छोटा होता आणि सायक्लोस्टाइलचं यंत्र मोठं. दोन खोल्यांच्या घरात ते समोरच्या खोलीची अर्धी भिंत अडवून बसलेलं असे, आणि त्यावर आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा पांघरलेला असे. दसऱ्याला बाबा त्याला झेंडूची माळ घालत. एरवी देवाधर्माची टिंगल करणारा माणूस, पण कारखान्यात सगळे आपापल्या मशीनची पूजा करतात म्हणून घरचं मशीनही उपाशी राहायला नको, असं त्यांचं म्हणणं. रविवारी सकाळी हँडल फिरू लागलं की खटक-सर्र, खटक-सर्र असा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई आणि शेजारच्या काकू म्हणत, "निघालं नानाभाऊचं पत्रक." घरात शाईचा वास कायमचा मुरलेला. माझ्या शाळेच्या फ्रॉकला, उशांना, अंबाडीच्या भाजीलासुद्धा. आई म्हणायची, ह्या घरात फोडणीपेक्षा शाई जास्त जळते.

बाबा हिंगण्याच्या एका कारखान्यात टर्नर होते. तिथे एक जुनी युनियन होती, तिचा पुढारी कंपनीच्या गाडीतून फिरायचा आणि कामगारांना महिनोन्‌महिने तोंड दाखवायचा नाही. बाबा आणि त्यांचे पंधरावीस सोबती त्याच्याविरुद्ध उभे राहिले होते. रविवारी ते सगळे आमच्याकडे. आई मोठ्या गंजात चणे उकडून ठेवायची, वरून कांदा, हिरवी मिरची, कच्चं तेल. फारच मोठी बैठक असली तर गोळाभात. माणसं बोलता बोलता जेवत आणि जेवता जेवता भांडत. माझं अक्षर चांगलं म्हणून मेणकागदावर लोखंडी लेखणीनं पत्रक कोरायचं काम माझ्याकडे आलं होतं. चुकलं तर गुलाबी औषधाचा एक ठिपका लावायचा, फुंकर मारायची, वाळलं की त्यावरच पुन्हा कोरायचं. चूक कुठे होती हे छापल्यावर कोणाला दिसत नसे. ह्या सोयीचा मला तेव्हा फार अभिमान होता.

ह्या सगळ्या माणसांत माझं कोणाशी जमत असेल तर सुदामकाकांशी. ते कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून कापायच्या मशीनवर होते आणि उजव्या हाताचं पहिलं बोट त्यांनी तिथेच गमावलं होतं. राहिलेल्या चार बोटांनी ते कागदाची चळत अशी सफाईनं सरकवत की पाच बोटांचे लोक बघत राहत. मूळचे कुहीकडचे, गावी भावाची धानाची शेती. दिवाळीनंतर नव्या तांदळाची पिशवी घेऊन यायचे आणि आईला म्हणायचे, "वहिनी, ह्या तांदळाले साग लागत नाही, नुस्तं मीठ द्या." गोष्टी सांगण्यात तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांच्या गावचा मालगुजारी तलाव, त्याच्या पाणी सोडायच्या दाराला मालगुजाराचं, म्हणजे गावच्या जमीनदाराचं, कुलूप, पाणी सोडायचं की नाही हे ठरवणारा एक माणूस आणि धान वाळत असताना बांधावर बसून राहिलेलं गाव, हे सगळं मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की तो तलाव मला आमच्या नळापेक्षा जवळचा वाटायचा.

अकरावीत असताना मी त्या तलावाची गोष्ट लिहिली. गाव एके दिवशी मालगुजाराचं कुलूप फोडतं. ठरतं असं की नवं कुलूप लावायचं, पण चाबी दर महिन्याला एकेका घरी राहील. पहिला महिना भिवाचा, कारण घण त्यानं घातला होता. महिना संपतो, भिवा म्हणतो, यंदा पाणी कमी आहे, पुढच्या घराला अनुभव नाही, अजून एक महिना माझ्याकडेच राहू द्या. मग आणखी एक. गावातली एक म्हातारी रोज सकाळी त्याच्या दाराशी येते आणि एवढंच विचारते, "चाबी कोणापाशी?" भिवा रोज वेगळं कारण सांगतो. मग हसतो. मग दार उघडत नाही. मग कुत्रं बांधतो. म्हातारी येत राहते. गोष्टीचा शेवट असा होता की एके सकाळी भिवा दाराच्या फटीतून बघतो, तर म्हातारीच्या मागे आणखी दोघी उभ्या असतात.

भिवा म्हणजे जुना पुढारी, हे सांगायची गरज कोणाला पडली नाही. तोही म्हणे कधीकाळी जेलमध्ये जाऊन आलेला, घण घालणारा माणूस होता. बाबांनी गोष्ट पत्रकातून छापली आणि शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवर मोठ्यानं वाचली. बाबांचा आवाज खर्जातला, आणि वाचताना कुठे थांबायचं हे त्यांना बरोबर कळायचं. दुसऱ्या दिवशी जुना पुढारी गाडीतून उतरला तेव्हा गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "चाबी कोणापाशी?" त्यानंतर बाबांनी पुकारलेल्या संपात, मोर्चात, कंपनीच्या बसमध्ये, संडासाच्या भिंतीवर तेच. मोटरसायकलवरून घरी जाणारे लोक एकमेकांना रामराम करायच्या ऐवजी ते म्हणत. संप जिंकला, जुना पुढारी गेला, बाबा अध्यक्ष झाले. सुदामकाकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "पोट्टी, तुह्या गोष्टीनं आमच्या शंभर भाषणांचं काम केलं." त्या दिवशी मी जेवलेच नाही, इतकी भरून पावले होते.

इथे थोडं थांबते. परवा दोन तरुण घरी आले होते. युनियनची स्मरणिका काढतायत, मुखपृष्ठावर बाबांचा फोटो, आत माझी गोष्ट. "ताई, तुम्ही फक्त दोन शब्द लिहून द्या, भावनिक." गोष्ट त्यांनी मोबाइलवर टाइप करून आणली होती. मी चष्मा लावून शेवटापर्यंत वाचली आणि विचारलं, "पहिला शेवट कुठे आहे?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "पहिला म्हणजे, ताई?" त्यांचा दोष नाही, त्यांनी एकच शेवट पाहिला होता. पण माझं डोकं असं फिरलं की त्यांना सरळ जा म्हटलं. ह्या वयात रागवायचंसुद्धा रक्तदाब सांभाळून असतं, डॉक्टरांनी बजावलंय. तरी रागावले. दोन दिवस झाले, अजून उतरलेला नाही.

तर, बाबा अध्यक्ष झाले. पहिलं वर्ष छान गेलं. मग गेटजवळ युनियनला कंपनीनं एक केबिन दिली. मग केबिनला कूलर आला. मग बाबांची ड्यूटी हलकी झाली, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की त्यांच्या नखांतलं काळं गेलेलं आहे. रविवारच्या बैठका आता केबिनमध्ये होत. आमच्या घरी चण्यांचा गंज पालथा पडून राहिला. दर दसऱ्याला निवडणूक घ्यायची असं युनियनच्या घटनेत लिहिलेलं होतं, ती घटना मीच कोरलेली होती. पहिल्या दसऱ्याला बाबा म्हणाले, वातावरण ठीक नाही. दुसऱ्याला म्हणाले, निवडणूक घेतली तर कंपनीचा माणूस घुसेल. तिसऱ्याला काहीच म्हणाले नाहीत आणि कोणी विचारलंही नाही. ज्या माणसांनी आमच्या ओसरीवर ओरडून ओरडून घसे बसवले होते, ती आता केबिनच्या बाहेर चपला काढून आत जायची. कूलरच्या हवेसाठी माणूस किती वाकतो हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सुदामकाका तेवढे घरी येत राहिले. चौथ्या दसऱ्याच्या महिनाभर आधी ते आले, बाबा दाढी करत होते. काका दारातच उभे राहून हसत म्हणाले, "नानाभाऊ, चाबी कोणापाशी आहे गा?"

बाबाही हसले. "तुह्यापाशी देऊ का? सांभाळशीन?"

"मले नको. पण यंदा निवडणूक घेऊन टाकू. तूच येशीन निवडून, कोण नाही म्हणते? पण इचारा तर लागते ना लोकाईले."

बाबांनी वस्तरा पुसला. "तुले कोणी पाठवलं?"

काकांचं हसू तिथेच राहिलं. "मले? मले कोण पाठवन बाप्पा? मी रोजच येतो तुह्या घरी."

पुढच्या रविवारी सभेत काकांनी तोच प्रश्न सगळ्यांसमोर विचारला, आणि मागच्या रांगेतून दोघातिघांनी जुन्या सवयीनं तीच घोषणा दिली. त्या दुपारी बाबा घरी लवकर आले आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. वीस वर्षांची होते, म्हणजे लहान होते असं म्हणायची सोय नाही.

"दसऱ्याच्या अंकात तुही चाबीची गोष्ट पुन्हा छापायची आहे," ते म्हणाले. "पण शेवट बदलवा लागते."

"काहून?"

"तेव्हा आपण बाहेर होतो, आता आत आहो. बाहेरच्याची गोष्ट आतल्याले चालत नाही." मग अगदी वर्गात शिकवल्यासारखं म्हणाले, "ती म्हातारी रोज काहून येत होती, हे तू लिहिलंच नाही. तिले कोणी पाठवलं होतं? मालगुजार तं गावातच होता ना? तो गप बसला असन का? इचार कर."

आणि मी विचार केला! हीच शरमेची गोष्ट आहे. मला बाबांचा राग यायला हवा होता, पण मला त्यांचा मुद्दा पटला. वाटलं, खरंच, म्हातारीला हेतूच दिलेला नाही, गोष्टीत भोक राहिलंय. माझ्यातल्या लेखिकेला त्यांनी बरोबर जागी चिमटा काढला होता. मी मेणकागद घेतला आणि चार दिवस त्यावर बसले. म्हातारी तलावाच्या मागच्या बाजूनं मालगुजाराला भेटायला जाते. भिवाची बायको तिला ओळखते. गाव जमतं, म्हातारीला वेशीबाहेर काढतं, आणि भिवा डोळे पुसत म्हणतो, चाबी मला नको होती, पण तुमच्यासाठी सांभाळतो. आता प्रश्न असा आला की भिवाची बायको अंधारात म्हातारीला ओळखणार कशी? मी त्यावर एक अख्खी दुपार घालवली. मग सुचलं. म्हातारीनं पैसे घ्यायला पदरातून हात बाहेर काढला, आणि त्या हाताला पहिलं बोट नव्हतं.

ते वाक्य सुचलं तेव्हा मी खुशीत उठून खोलीभर फिरले होते. कोणाच्या हातावरून सुचलं, हे मला माहीत नव्हतं असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. माहीत होतं.

आई चौथी शिकलेली. कोरलेला कागद तिनं खिडकीच्या उजेडात धरला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचला. शेवटाला आली आणि थांबली.

"हे बोट काढ वं."

"आई, ते पात्र जिवंत वाटावं म्हणून आहे. तुला नाही समजणार."

"मले समजते. पात्र जितं करता करता तू जित्या माणसाले मारून राहिली."

"अगं, गोष्ट आहे ती."

"गोष्टीतल्या म्हातारीले वेशीबाहेर काढलं तं ती कुठं जाते ते कोणी पाहात नाही. सुदामभाऊले लेकरं आहेत." तिनं गुलाबी औषधाची बाटली माझ्यासमोर ठेवली. एक ठिपका लावायला किती वेळ लागतो? मी बाटलीचं झाकण घट्ट करून ती परत खिडकीत ठेवली.

दसऱ्याला गेटसमोर मांडव होता. आतल्या मशीनच्या पूजा आटोपून सगळे बाहेर आले होते, कपाळाला गुलाल, खिशात आपट्याची पानं. बाबांनी गोष्ट वाचली. काय वाचली म्हणता! म्हातारीचा हात पदरातून बाहेर येतो तिथे ते थांबले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि मग शेवटचे शब्द वाचले. माना वळायला लागल्या. मी पाण्याच्या पिंपापाशी उभी होते आणि आधी मला फक्त एवढंच कळलं की माझं वाक्य लागलं. तीन-चारशे माणसं एका वाक्यावर वळतात, हे कोणत्या वीस वर्षांच्या लेखिकेच्या नशिबी असतं? मग मला सुदामकाका दिसले. कोणालातरी सोनं द्यायला त्यांनी हात पुढे केलेला होता, आपट्याचं पान चार बोटांत धरलेलं. समोरच्यानं ते घेतलं नाही. मागून कोणीतरी बायकी आवाज काढून "चाबी कोणापाशी?" म्हणालं आणि मांडव हसला. काकांनी हात खिशात घातला. तो हात नंतर मी कधी खिशाबाहेर पाहिला नाही, कारण नंतर ते आमच्याकडे आलेच नाहीत.

पुढचं सांगायला चार ओळी पुरतात. त्यांना कारखान्यात सगळे "म्हातारी" म्हणू लागले. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याजवळ कोणी डबा उघडेना. दिवाळीनंतर कंपनीनं कसलंसं कारण काढून त्यांना कामावरून कमी केलं. मालकाच्या माणसालाच मालकानं काढलं, ह्यात काहीतरी गडबड आहे, असं एकाही शहाण्याला वाटलं नाही. युनियननं साधं पत्रसुद्धा दिलं नाही. काका बायको-मुलांना घेऊन गावी परतले.

बाबा पुढे पुष्कळ वर्षं अध्यक्ष राहिले. ते चोर नव्हते, आणि ह्याचाच मला जास्त राग आहे. चोर असते तर सोपं होतं. शेवटपर्यंत त्यांना वाटत राहिलं की आपण सोडलं तर सगळं बुडेल. धंतोलीच्या दवाखान्यात नाकात नळी असताना ते मला म्हणाले, "तुह्या त्या गोष्टीनं युनियन वाचवली वं, शैला." मरणाऱ्या माणसाशी वाद घालू नये म्हणतात. घालायला हवा होता. लोक मला सांगतात, तो काळच तसा होता. काळाला काय हात असतात? हात आमचे होते, आणि लेखणी माझ्या हातात होती.

ते स्मरणिकावाले गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एसटीनं कुहीला गेले. सुदामकाका अजून हयात आहेत, हे मला त्यांच्या गावच्या एका मास्तरांकडून कळलं होतं. अंगणात बाजेवर बसले होते, ऐंशी ओलांडलेले, कानाला यंत्र. मी नाव सांगितलं. बराच वेळ त्यांनी पाहिलं आणि मग म्हणाले, "नानाभाऊची शैला? ये, बस. सुनबाई, चहा मांड वं." माझा जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं ज्याला भ्यायले, ते एवढं सोपं होतं असं वाटलं.

मी सगळं सांगितलं, स्मरणिकेचं, दुसऱ्या शेवटाचं, पहिलाच छापायला लावणार आहे तेही. "छाप का नको छापू," ते म्हणाले. "आता मले कोण म्हातारी म्हणते? आता मी खराच म्हातारा झालो." आणि हसले. मीही हसले. आत गॅसवर पाणी उकळत असल्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "तुले एक इचारायचं राहून गेलं होतं. मालगुजाराचा माणूस म्हणून लिहायले नानाभाऊनं सांगितलं असन, ते मले तवाच समजलं. त्याले खुर्ची पाहिजे होती. पण ते बोट? ते बी त्यानंच सांगितलं का?"

बाबा नाहीत, आई नाही. होय म्हटलं असतं तर खोटं ठरवणारं कोणी उरलेलं नव्हतं, आणि खरं म्हणजे काकांनीच मला ती वाट काढून दिली होती. मी म्हणाले, "नाही काका. बोटाचं बाबा काही बोलले नव्हते. ते माझं."

"काहून?"

"गोष्ट चांगली व्हावी म्हणून."

ते आत तोंड करून म्हणाले, "सुनबाई, चहा राहू दे."

"उकळला बी ना बाबा. कपात ओतून राहिली."

"लेकरांले दे. हिले नाही."

मी उठले. अंगणाच्या काठाशी चपला होत्या, त्या पायात सरकवायला गुडघ्यांमुळे वेळ लागला. रस्त्यापर्यंत सोडायला कोणी आलं नाही. यायला नकोच होतं.